इथं ओतायचं, तिथं बसवायचं

वाचकांचे प्रश्न

लिनक्सवर बसून विंडोजसाठी प्रोग्रॅम बनवण्याला क्रॉस-कंपाइल करणं म्हणतात. मागच्या अंकात त्यावर मी एक छोटं उत्तर दिलं होतं. फेडोरा या लिनक्सच्या मुक्त प्रकारात विंडोजसाठीच्या लायब्रऱ्यांची, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या कोडच्या संचांची, तयार पॅकेजेस मिळतात, आधी ती वापरा, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे. बहुतेक पत्रं आपल्याच भागातली आहेत आणि फौंड्रीच्या, लूमच्या, वजनकाट्याच्या रोजच्या कामातून आलेली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे.

प्रश्न : ताई, मी गोकुळ शिरगावला एका फौंड्रीत कामाला आहे. भट्टीत पिग आयर्न किती, भंगार किती, फेरो-सिलिकॉन किती टाकायचं, हे काढणारा प्रोग्रॅम मी सी++ मध्ये लिहिलाय. घरच्या लॅपटॉपवर फेडोरा आहे आणि भट्टीजवळचा कॉम्प्युटर विंडोजचा. मिनजीडब्ल्यू या विंडोजसाठीच्या कंपायलरनं एक्सई, म्हणजे विंडोजवर चालणारी फाइल बनवली, पेनड्राइव्हवर नेली. तिथं उघडली की 'लिबजीसीसी-एस-एसईएच-१ ही डीएलएल सापडत नाही' असा संदेश येतो. ती फाइल नेटवरून उतरवून टाकली तर चालेल का?
(एक वाचक, गोकुळ शिरगाव)

उत्तर : नेटवरून अजिबात उतरवू नका. डीएलएल म्हणजे विंडोजवर प्रोग्रॅम चालताना त्याला सोबत लागणारी लायब्ररी. फुकट डीएलएल वाटणाऱ्या साइटवरची फाइल कुणी बनवली, कोणत्या कंपायलरनं बनवली, तिच्यात आणखी काय घातलंय, यातलं काहीच तुम्हाला कळायला मार्ग नाही. आणि तुम्ही ती भट्टीजवळच्या मशीनवर चालवणार. हवी ती फाइल तुमच्याच लॅपटॉपवर आहे, कंपायलरबरोबरच ती आली.

मूळ डिरेक्टरीपासून निघा. 'यूएसआर'च्या आत 'एक्स८६-६४-डब्ल्यू६४-मिनजीडब्ल्यू३२' अशा लांबलचक नावाची डिरेक्टरी आहे. नावाच्या शेवटी ३२ असलं तरी ही ६४ बिटचीच आहे, ३२ बिटची 'आय६८६'नं सुरू होते. तिच्या आत 'सिस-रूट', त्याच्या आत 'मिनजीडब्ल्यू' आणि त्याच्या आत 'बिन'. तुमची डीएलएल तिथं आहे.

पण एक फाइल नेली की दुसरी मागेल, दुसरी नेली की तिसरी. म्हणून अंदाजानं जाऊ नका. मिनजीडब्ल्यूच्या साधनांमध्ये फाइलच्या आत काय आहे ते दाखवणारं ऑब्जडम्प आहे, त्याला 'वजा पी' देऊन तुमची एक्सई दाखवा. बरंच काही छापून येईल, त्यातल्या 'डीएलएल नेम' असं लिहिलेल्या ओळी तेवढ्या वाचा. कर्नल३२, यूझर३२, एमएसव्हीसीआरटी ही नावं विंडोजची स्वतःची, त्यांना हात लावू नका. उरलेल्या नावांमध्ये सी++ चा प्रोग्रॅम असल्यामुळे लिबस्टडसी++-६ आणि लिबजीसीसी ही दिसतील, आणि बहुधा लिबविनपीथ्रेड-१ सुद्धा. त्या प्रत्येक डीएलएलला परत ऑब्जडम्प लावा, कारण तिलाही आणखी कुणीतरी लागत असतं. नवीन नाव येणं थांबलं की यादी पूर्ण झाली. त्या सगळ्या फाइली एक्सईच्याच फोल्डरमध्ये ठेवा. विंडोज डीएलएल शोधताना एक्सईच्या फोल्डरात आधी बघतं.

३२ बिटची एक्सई आणि ६४ बिटची डीएलएल यांची मिसळ होऊ देऊ नका. तसं झालं तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही, नुसता शून्य-एक्स-सी-००००-०७-बी असा एक आकडा दाखवतो. त्या आकड्यावरून कुणालाच काही बोध होत नाही.

प्रश्न : मॅडम, मी राजारामपुरीत राहते, कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. फेडोरात असलेल्या एका छोट्या लायब्ररीचं मिनजीडब्ल्यू पॅकेज अजून कुणी केलेलं नाही, ते मी करायला घेतलंय. त्यासाठीचे नियम वाचले आणि गोंधळ उडाला. मॅन पेजेस म्हणजे माहितीची पानं काढून टाका, डॉट-एलए फाइली काढून टाका, डेव्हल पॅकेज वेगळं करू नका, डीएलएल 'लिब'मध्ये नको 'बिन'मध्ये ठेवा, पॅकेज नोआर्च करा. नेहमीच्या पॅकेजचे जे नियम शिकले त्याच्या हे सगळं उलट आहे. हे नुसते पाठ करायचे का?
(एक विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : पाठ करू नकोस. पाठ केलेस तर पहिल्याच अडचणीला कुठला नियम वाकवायचा आणि कुठला नाही, हे कळणार नाही. या सगळ्या नियमांना धरून ठेवणारी एकच गोष्ट आहे आणि ती तुला कोल्हापुरात कुठल्याही फौंड्रीत बघायला मिळेल.

माझे वडील उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. सागवानी लाकडाचे साचे करायचे, पंपाच्या बॉडीचे, पुलीचे, हाउसिंगचे. त्यांच्या बाकड्यावर दोन पट्ट्या असायच्या. एक दिवस शाळेच्या वहीला कव्हर घालायला मी त्यातली एक उचलली, कागद मापून कापला, तर तो वहीला बसेना. पट्टीवर खुणा बरोबर होत्या, आकडे बरोबर होते. बाबांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. एकीवरचा शंभराचा आकडा दुसरीच्या एकशे एकपाशी येत होता. बीड वितळलेलं असताना ओततात आणि थंड होताना ते साधारण एक टक्का आकसतं, म्हणून साचा तेवढा मोठा करावा लागतो. हिशेब करत बसायला नको म्हणून पट्टीच तेवढी लांब बनवलेली. बाबा म्हणाले, "ही पट्टी आपल्यासाठी नाही, बिडासाठी आहे. म्हणून ही वेगळ्या खिळ्याला."

तुझं पॅकेज ही ती दुसरी पट्टी आहे. फेडोराच्या मशीनवर ते ठेवलेलं असतं, पण त्यातली एकही गोष्ट फेडोरासाठी नाही. आता एकेक नियम याच नजरेनं बघ.

आधी जागा. लायब्ररीच्या हेडर फाइली, म्हणजे तिच्यात कोणती फंक्शन आहेत ते कंपायलरला सांगणाऱ्या फाइली, नेहमीच्या 'यूएसआर-इन्क्लूड'मध्ये पडल्या असत्या, तर उद्या कुणी लिनक्ससाठी काहीतरी कंपाइल करताना विंडोजची हेडर उचलली गेली असती. म्हणून वर सांगितलेली ती लांब नावाची स्वतंत्र डिरेक्टरी. तिच्या आत एका विंडोज मशीनचं छोटं जगच मांडलेलं असतं, त्यात स्वतःचं बिन, लिब आणि इन्क्लूड. ही जागा स्पेक फाइलीत, म्हणजे पॅकेज कसं बनवायचं ते लिहिलेल्या फाइलीत, हातानं टाइप करू नकोस. त्यासाठी मॅक्रो, म्हणजे पूर्ण पत्त्याच्या जागी लिहायची ठरलेली छोटी नावं, दिलेले आहेत, तेच वापर. याचं कारण इतिहासात आहे. फेडोरात विंडोजसाठीचा क्रॉस कंपायलर २००९ मध्ये फेडोरा ११ सोबत आला, तेव्हा फक्त ३२ बिट होतं आणि डिरेक्टरीचं नाव वेगळं होतं. २०१२ मध्ये फेडोरा १७ ला सगळं मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ या प्रकल्पावर नेलं, ६४ बिट आलं आणि नावं बदलली. ज्यांनी मॅक्रो न वापरता पूर्ण पत्ते लिहून ठेवले होते, त्यांना प्रत्येक ओळ शोधून बदलावी लागली. नेटवर अजूनही जुन्या नावांचे लेख फिरतात. त्यात 'आय६८६-पीसी-मिनजीडब्ल्यू३२' दिसलं की तो लेख २०१२ च्या आधीच्या पद्धतीचा आहे असं समज.

आता डेव्हलचं. नेहमीच्या लायब्ररीचे दोन भाग करतात, कारण तिची गिऱ्हाइकं दोन प्रकारची असतात. एकाला प्रोग्रॅम चालवायचाय, त्याला फक्त लायब्ररी पुरते. दुसऱ्याला प्रोग्रॅम लिहायचाय, त्याला हेडरही लागतात, ती डेव्हल पॅकेजात जातात. तुझ्या पॅकेजचं पहिलं गिऱ्हाईक अस्तित्वातच नाही. फेडोरावर बसून विंडोजची डीएलएल कोण चालवणार? जो कुणी हे पॅकेज घालेल, तो कंपाइल करण्यासाठीच घालेल. मग डीएलएल आणि हेडर वेगळ्या पिशव्यांत कशाला? एकच पॅकेज. फक्त स्टॅटिक लायब्ररी मात्र वेगळ्या उपपॅकेजात ठेवायची. स्टॅटिक जोडलं की लायब्ररीचा कोड प्रोग्रॅमच्या पोटात जातो आणि उद्या लायब्ररीतली सुरक्षेची चूक दुरुस्त झाली तरी ती त्या प्रोग्रॅमपर्यंत पोचत नाही. ती निवड कुणी नकळत करू नये, मुद्दाम मागूनच करावी.

मॅन पेजेसही याच न्यायानं जातात. तीच मॅन पेजेस मूळ पॅकेजमध्ये आहेत, वाचणारा तिथं वाचेल. लायसन्सची फाइल मात्र काढायची नाही, ती प्रत्येक पॅकेजसोबत असायलाच हवी.

डीएलएल 'बिन'मध्ये का, याचं उत्तर वरच्या पत्रात आलं. विंडोज एक्सईच्या शेजारी शोधतं आणि एक्सई 'बिन'मध्ये असते. 'लिब'मध्ये काय उरतं? डॉट-डीएलएल-डॉट-ए असं शेवट असलेली फाइल, म्हणजे इम्पोर्ट लायब्ररी. तिच्यात लायब्ररीचा कोड नसतो. अमुक फंक्शन अमुक डीएलएलमध्ये मिळेल, एवढी यादी लिंकरसाठी, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे जोडणाऱ्या साधनासाठी, असते. ही फाइल पॅकेजमध्ये घालायला विसरलीस तर डीएलएल असूनही कुणालाच ती जोडून घेता येणार नाही. डॉट-एलए फाइली लिबटूल हे लायब्ररी बनवणारं साधन स्वतःसाठी बनवतं. त्यांच्यात पत्ते कोरलेले असतात आणि नको त्या लायब्रऱ्या त्यांच्यामुळे ओढल्या जातात, म्हणून त्या पुसायच्या.

नोआर्चनं तू सगळ्यात जास्त गोंधळलेली दिसतेस, आणि ते साहजिक आहे. नोआर्च म्हणजे ज्यात मशीन कोड नाही ते, असं आपण शिकतो, आणि डीएलएलमध्ये तर मशीन कोडच आहे. पण तो विंडोजच्या मशीनचा कोड आहे. पॅकेज इंटेल प्रोसेसरच्या मशीनवर बनवलं काय किंवा एआरएम प्रोसेसरच्या, बाहेर पडणारी डीएलएल इंटेलवरच्या विंडोजचीच असते. फेडोराच्या दृष्टीनं ती एखाद्या चित्राच्या फाइलीसारखी नुसती साठवलेली वस्तू. म्हणून एकदा बनवायची आणि तीच सगळ्या आर्किटेक्चरच्या, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारांच्या, पॅकेज-साठ्यात ठेवायची. डिबगइन्फोसाठी, म्हणजे चुका शोधायला लागणारी माहिती बाजूला काढण्यासाठी, वेगळा मॅक्रो आहे तोही यामुळेच, कारण डीएलएल सोलायला मिनजीडब्ल्यूचीच हत्यारं लागतात.

आता तुझ्या पत्रात नसलेला एक नियम, आणि तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुझ्या पॅकेजची आवृत्ती फेडोरातल्या मूळ पॅकेजच्या आवृत्तीबरोबर चालली पाहिजे. तिथं जे पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, लावलेत, त्यातले लागू पडणारे इथंही हवेत.

फौंड्रीत गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग येतं तेव्हा त्याच्या कोपऱ्यात रिव्हिजनचं अक्षर असतं. बोल्टाचं भोक दोन मिलिमीटर सरकवलं की ए चं बी होतं. पॅटर्न मात्र माळ्यावर पडलेला असतो आणि लाकडावर अक्षर आपोआप बदलत नाही. बाबा प्रत्येक पॅटर्नच्या खालच्या बाजूला रंगानं रिव्हिजन लिहायचे आणि नवीन ड्रॉइंग आलं की पहिल्यांदा माळ्यावर चढायचे. एका ठिकाणी असं झालं नाही. जुन्या पॅटर्नवर दोनशे कास्टिंग ओतली गेली, सगळी दिसायला उत्तम, एकही बसणारं नाही. सगळी परत भट्टीत गेली.

लायब्ररीत याहून वाईट होतं, कारण जुनी डीएलएल बसते. मूळ पॅकेजमध्ये सुरक्षेची चूक दुरुस्त झाली, सगळ्यांनी अपडेट घेतलं आणि तुझ्या मिनजीडब्ल्यू पॅकेजमध्ये जुनाच कोड राहिला, तर तो कुणाला टोचत नाही. कुठल्या तरी कारखान्याच्या, दवाखान्याच्या विंडोज मशीनवर तो चालत राहतो. म्हणून पॅकेज करायला घेण्याआधी स्वतःला विचार, पुढची काही वर्षं त्या मूळ पॅकेजवर नजर ठेवायला वेळ आहे का? मूळ पॅकेज सांभाळणाऱ्यांना आधीच लिहून ओळख करून घे. हल्ली काही पॅकेजमध्ये, उदाहरणार्थ नकाशांच्या डेटासाठीच्या जीडीएएलमध्ये, मिनजीडब्ल्यूचा भाग मूळ स्पेक फाइलीतच जोडलेला असतो. दोन्ही एकाच सोर्समधून एकाच वेळी बनतात, मागे राहण्याचा प्रश्नच येत नाही. तुझी लायब्ररी छोटी आहे, सांभाळणारे तयार असतील तर हाच मार्ग धर. आणि स्वतंत्र पॅकेजच करायचं ठरलं तर सोर्स पॅकेजच्या नावाआधी 'मिनजीडब्ल्यू-' लाव, त्यातून निघणाऱ्या दोन पॅकेजेसना 'मिनजीडब्ल्यू३२-' आणि 'मिनजीडब्ल्यू६४-'.

फाइलींची यादी लिहिताना डीएलएलच्या नावात चांदणी, म्हणजे 'इथं काहीही चालेल' अशी खूण, टाकू नकोस. नावातला शेवटचा आकडा स्पष्ट लिही. उद्या लायब्ररीचा इंटरफेस बदलून तीनची चार झाली, तर चांदणीमुळे बिल्ड गुपचूप पार पडेल. आकडा लिहिलेला असेल तर बिल्ड तिथंच अडेल आणि तुला कळेल की हिच्यावर अवलंबून असलेली बाकीची पॅकेजेस परत बनवायला हवीत. कोणत्या पॅकेजला कोणती डीएलएल लागते, हे बिल्ड करतानाच डीएलएलच्या पोटातून वाचलं जातं आणि आरपीएमच्या, म्हणजे फेडोराच्या पॅकेज पद्धतीच्या, नोंदीत जातं. ते तुला हातानं लिहायचं नाही.

रिव्ह्यू करणारा पॅकेज दोनदा परत पाठवेल, कदाचित तीनदा. नाउमेद होऊ नकोस. तो प्रत्येक ओळ वाचतोय, म्हणूनच परत पाठवतोय.

प्रश्न : मी लूमच्या मोजणीसाठी प्रोग्रॅम करतो. एक लायब्ररी मिनजीडब्ल्यूनं कंपाइल करतोय. मेक ही बिल्डची आज्ञा शेवटपर्यंत जाते, एरर एकही नाही, पण डीएलएल तयारच होत नाही. फक्त डॉट-ए फाइल मिळते. दुसऱ्या एका लायब्ररीत उलट, शेवटी 'आरपीएल-मॅलॉक सापडत नाही' म्हणून लिंकर थांबतो. असं नाव माझ्या कोडमध्ये कुठंच नाही.
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : पहिल्या लायब्ररीचा बिल्ड लॉग पूर्ण उघडा आणि त्यात 'स्टॅटिक ओन्ली' शोधा. लिबटूलनं तुम्हाला सांगितलं होतं, फक्त हळू आवाजात. विंडोजच्या शेअर्ड लायब्ररीत न सापडलेली नावं चालत नाहीत, म्हणून मी फक्त स्टॅटिक बनवतोय, अशा अर्थाची एक सूचना तिथं सापडेल. ती एरर नसते, त्यामुळे मेक पुढं जातं.

कारण असं. लिनक्सवर लायब्ररी बनवताना काही नावं अधांतरी सोडता येतात, ती प्रोग्रॅम सुरू होताना कुठूनतरी मिळतात. विंडोजवर ही सोय नाही. बाहेरून येणारं प्रत्येक फंक्शन नेमकं कोणत्या डीएलएलमधून येणार, हे लिंक करतानाच ठरवून लिहावं लागतं. म्हणून माझ्या लायब्ररीत अधांतरी काही नाही, असं वचन लिबटूलला द्यावं लागतं. लायब्ररीच्या मेकफाइल-डॉट-एएममध्ये तिच्या एलडीफ्लॅग्जच्या ओळीत 'वजा नो-अनडिफाइन्ड' घाला. मग डीएलएल बनायला लागेल, आणि खरंच काही अधांतरी असेल तर तेही आता उघडं पडेल. ते जोडून घ्या.

दुसरी भानगड कॉन्फिगरची, म्हणजे बिल्डच्या आधी सिस्टिम तपासणाऱ्या स्क्रिप्टची आहे. तुमच्या सिस्टिममधला मॅलॉक, म्हणजे मेमरी मागायचं फंक्शन, शून्य बाइट मागितल्यावर कसा वागतो, हे काही कॉन्फिगर एक छोटा प्रोग्रॅम बनवून, चालवून बघतात. क्रॉस-कंपाइल करताना तो प्रोग्रॅम विंडोजचा असतो, लिनक्सवर चालवता येत नाही. मग जुन्या ऑटोकॉन्फनं बनवलेलं कॉन्फिगर वाईटात वाईट उत्तर धरतं आणि मॅलॉकच्या जागी आरपीएल-मॅलॉक नावाचं बदली फंक्शन मागतं, जे कुणी लिहिलेलंच नसतं. कॉन्फिगरला उत्तर आधीच हातात द्यायची सोय आहे. 'एसी-सीव्ही-फंक-मॅलॉक-०-नॉननल' या व्हेरिएबलला 'यस' देऊन कॉन्फिगर चालवा, शब्दांमध्ये हायफनऐवजी अंडरस्कोर. रिअ‍ॅलॉकचाही असाच जोडीदार आहे.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगते कारण पुढं अडणारच. विंडोजवर फाइलच्या नावातल्या लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक धरत नाहीत. त्यामुळे विंडोजवाले लोक 'विंडोज-डॉट-एच' पहिलं अक्षर मोठं ठेवून लिहितात. लिनक्सवर मिनजीडब्ल्यूची हेडर जवळजवळ सगळी लहान अक्षरांत आहेत आणि लिनक्स हा फरक काटेकोर धरतो. एका अक्षरासाठी बिल्ड थांबतं.

या तीनही दुरुस्त्या स्वतःच्या मशीनवर करून गप्प बसू नका. ज्यांनी लायब्ररी लिहिली त्यांना पॅच पाठवा. पॅकेजच्या नियमांतही हाच आग्रह आहे, आणि कळकळीनं सांगते, यात तुमचाच फायदा आहे. पॅच मूळ कोडमध्ये गेला की पुढच्या आवृत्तीला तुम्हाला तो परत लावायला लागणार नाही.

प्रश्न : लायब्ररी फेडोरावर वाइनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनात, चालवून बघितली, टेस्ट सगळ्या पास. आता खऱ्या विंडोजवर बघायची गरज आहे का?
(एक वाचक, शिरोली)

उत्तर : आहे. आणि नुसतं चालू होतं का एवढंच बघू नका, खरा डेटा घालून बघा. वाइन फार मोलाचं आहे, टेस्ट चालवायला मी रोज वापरते. पण तुमच्या टेस्टमध्ये जो आकडा कधी येतच नाही, तो वाइनमध्येही येणार नाही.

मी नवीन होते तेव्हा शिरोलीच्या एका फौंड्रीसाठी वजनकाट्याच्या नोंदींचं काम केलं होतं. काट्याला जोडलेलं मशीन लिनक्सचं, ते प्रत्येक कास्टिंगचं वजन पूर्ण किलोत एका फाइलीत लिहायचं, अंकांच्या अक्षरांत नाही, थेट बाइटच्या रूपात. ऑफिसमध्ये विंडोज, तिथला प्रोग्रॅम मी क्रॉस-कंपाइल करून दिला होता. पंधरा दिवस सगळं नीट. मग ऑफिसातले एक वयस्कर क्लार्क रजिस्टर घेऊन आले. म्हणाले, "बाई, काल एकशे दहा कास्टिंग वजन झाली, तुमच्या रिपोर्टात एक्केचाळीसच आहेत." त्यांचं रजिस्टर हातानं लिहिलेलं होतं, निळ्या शाईनं, एकही खाडाखोड नाही. फाइल लिनक्सवर उघडली तर एकशे दहा नोंदी बरोबर होत्या. विंडोजवर एक्केचाळीस.

त्यांच्या रजिस्टरवर बोट ठेवून मी बेचाळिसावी ओळ बघितली. पंपाची बॉडी, सव्वीस किलो. आदल्या आठवड्यात असा एक दिवस होता, तेव्हाही रिपोर्ट तुटला होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिथंही तुटलेल्या जागी सव्वीस.

सव्वीस या आकड्याची बाइट म्हणजे कंट्रोल-झेड. फाइल टेक्स्ट म्हणून उघडली असेल तर वाचताना विंडोजची सी लायब्ररी कंट्रोल-झेडला फाइलचा शेवट समजते. मी फाइल उघडताना 'आर' लिहिलं होतं, म्हणजे टेक्स्ट म्हणून वाच. 'आरबी', म्हणजे बाइट जशाच्या तशा वाच, असं लिहिलं नव्हतं. लिनक्सवर त्या 'बी'नं काहीच फरक पडत नाही, म्हणून मला तो लिहायची सवयच नव्हती. लिहितानाही असंच होतं. टेक्स्ट म्हणून उघडलेल्या फाइलीत दहा ही बाइट लिहिली की विंडोजवर तिच्याआधी तेरा घुसते, आणि मग पुढचं सगळं एका घरानं सरकतं. एक अक्षर वाढवलं आणि प्रश्न मिटला. पण त्या दोन दिवसांचे रिपोर्ट पुढं गेलेले होते, ते मला स्वतः जाऊन दुरुस्त करून द्यावे लागले.

तुमच्या लायब्ररीत फाइलीत थेट लिहिणारा कोड असेल तर 'लाँग' हा प्रकारही शोधा. ६४ बिट लिनक्सवर लाँग आठ बाइटचा, ६४ बिट विंडोजवर चारचाच. इकडं लिहिलेली नोंद तिकडं वाचताना अर्धीच वाचली जाते. नेमक्या रुंदीचे प्रकार वापरा, इंट३२-टी, इंट६४-टी.

प्रश्न : ३२ बिटचं पॅकेज अजून करायलाच हवं का? आणि यूसीआरटी हे तिसरं काय?
(एक वाचक, कागल)

उत्तर : कराच. आपल्या वर्कशॉपमधल्या जुन्या मशीनना जोडलेले कॉम्प्युटर बघा, त्यातले कितीतरी अजून ३२ बिटचे आहेत आणि सीएनसीचं कार्ड चालतंय म्हणून कुणी बदलत नाही. शिवाय मॅक्रो एकाच स्पेक फाइलीतून दोन्ही बनवून देतात, वेगळे कष्ट फारसे नाहीत.

यूसीआरटी म्हणजे मायक्रोसॉफ्टची नवी सी लायब्ररी. विंडोज १० पासून ती सोबतच येते. फेडोरात तिच्यासाठी 'यूसीआरटी६४-' अशा नावाची पॅकेजेस आहेत. जुनी मिनजीडब्ल्यू पॅकेजेस एमएसव्हीसीआरटीवर चालतात, ती जुन्या विंडोजवरही असते. कोणत्याही एकाच सी लायब्ररीच्या डीएलएल एका प्रोग्रॅममध्ये घ्या. एकीनं दिलेली मेमरी दुसरीनं मोकळी करायला गेली की प्रोग्रॅम कोसळतो.

तुमच्या पत्रातल्या तिसऱ्या प्रश्नाला, बिल्ड मध्येच का थांबतं याला, उत्तर देता येत नाही, कारण तुम्ही लॉगच्या शेवटच्या दहा ओळीच पाठवल्यात. खरी चूक बहुतेक वेळा वर कुठंतरी असते. पूर्ण लॉग आणि स्पेक फाइल पाठवा, पुढच्या अंकात घेते.